टपावरचे कॅरिअर : सिंधुदुर्गाच्या वाटेवरील एका सांगाड्याची कुळकथा

मालवण, तारकर्ली आणि देवबाग या किनाऱ्यांवर पर्यटनाच्या हंगामात येणाऱ्या थार, जिम्नी, स्कॉर्पिओ यांसारख्या आडवाटेच्या गाड्यांच्या छतावर काळ्या रंगाचा, बुटक्या कठड्याचा सपाट सांगाडा पुष्कळदा बसवलेला दिसतो. त्याच रस्त्याने लग्नाचे किंवा बाजाराचे सामान नेणाऱ्या ट्रॅक्सच्या अथवा बोलेरोच्या टपावर मात्र लोखंडी नळ्या वाकवून, जोडून तयार केलेले साधे कॅरिअर असते. सामान प्रवाशांच्या डोक्यावरून नेणे हे दोहोंचे काम एकच असले, तरी त्यांची कुळे निरनिराळी आहेत. पहिला प्रकार वाळवंटे आणि जंगले ओलांडणाऱ्या मोहिमांतून आला, तर दुसरा एस.टी.च्या टपावरून आणि कोकणी माणसाच्या गरजेतून घडला. आज नवी गाडी घेणाऱ्याला या दोहोंतून निवड करावी लागते, आणि ती निवड बहुधा रूपावरून केली जाते. या वस्तूचा इतिहास पाहिला, तर निवडीचा खरा निकष प्रारंभापासून एकच राहिला आहे असे आढळते, तो म्हणजे खालचे छत किती भार पेलू शकते हा.

कोकणपट्टीत चाकांची वाहतूक उशिरा आली. सह्याद्रीचे कडे, खाड्यांनी तोडलेला किनारा आणि पावसाळ्यात चिखलात बुडणाऱ्या पाणंदी, म्हणजे जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, यांमुळे येथील ओझे दीर्घकाळ माणसाच्या डोक्यावरून, बैलांच्या पाठीवरून किंवा गलबतातून गेले. डोक्यावर ओझे घेताना टाळूवर कापडाची वा गवताची गोल वळी ठेवतात, तिला चुंबळ म्हणतात; ओझ्याचा भार एका बिंदूवर न पडता पसरावा आणि ओझे घसरू नये, ही दोन्ही कामे ती करते. टपावरच्या सांगाड्याला पुढे जी कामे करावी लागली तीही नेमकी हीच असल्यामुळे, या वस्तूच्या स्थानिक वंशावळीत चुंबळीला मूळ स्थान देणे योग्य ठरेल.

दशावतारी नाटकमंडळ्यांचा पेटारा हे या जुन्या भारवहनाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण होय. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की रात्रभर नाटक करून सकाळी पुढच्या गावाची वाट धरणारे हे कलावंत मुकुट, वस्त्रे आणि रंगभूषेचे साहित्य भरलेला पेटारा डोक्यावर घेऊन मैलोगणती चालत, आणि ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही मालवणी म्हण त्यांच्या या दिनक्रमावरूनच रूढ झाली. आज मंडळ्या स्वतःच्या गाडीने फिरतात आणि पेटारा गाडीतून किंवा तिच्या टपावरून जातो. एकाच ओझ्याने एका शतकाच्या आत डोक्यावरून वाहनावर केलेला हा प्रवास लोककलेच्या अभ्यासकांनी नोंदवला असला, तरी वाहतुकीच्या इतिहासात त्याला जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी.

मुंबईशी असलेला कोकणाचा संबंध तर मुख्यतः समुद्रमार्गेच होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मालवण, वेंगुर्ले या बंदरांना लागत, आणि चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करून गावचे घर सांभाळणारा कोकणी माणूस, आपल्या ट्रंका, वळकट्या आणि परतीच्या वेळी नारळ, तांदूळ, आमसुले यांची बोचकी घेऊन त्यांतून प्रवास करी. बोटीत सामानाला जागा होती. मोटारीने ती हिरावून घेतली, आणि म्हणूनच मोटारीच्या टपाला कोकणात एवढे महत्त्व आले.

युरोपात मात्र छतावर सामान लादण्याची पद्धत मोटारीच्या आधीची, घोडागाड्यांच्या काळातील आहे. टप्प्याटप्प्याने घोडे बदलत धावणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या छतावर सामान तर असेच, शिवाय कमी भाडे देणारे प्रवासीही बसत. श्रीमंतांच्या खासगी गाड्यांसाठी छताच्या आकाराची चपटी पेटी बनवीत, तिला इम्पीरियल असे नाव होते. वरचा भार वाढला की गाडी वळणावर कलंडते हे अनुभवाने कळल्यावर ब्रिटिश पार्लमेंटने १७८८ मध्ये कायदा करून छतावर सहा आणि चालकाच्या बैठकीवर दोन, यांहून अधिक प्रवाशांना मनाई केली. टपावरच्या भारावर कायद्याने घातलेली ही आरंभीची मर्यादा मोटारीच्या जन्माच्या सुमारे शंभर वर्षे आधीची आहे.

विशेष असे की आरंभीच्या मोटारीला हा वारसा लगेच पुढे नेता आला नाही. तिचे छत लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचे वा कातड्याचे असे, बंद गाड्यांतही छताचा मधला भाग कापडीच राही, आणि त्यावर पेटी ठेवणे अशक्य असल्याने सामान गाडीच्या मागे, स्वतंत्र चौकटीवर बांधीत. छताएवढा रुंद पत्रा एकसंध दाबून घडवणारी यंत्रे उपलब्ध झाल्यावर जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या शाखेने १९३५ च्या गाड्यांसाठी अखंड पोलादी छत आणले आणि अशी छते पुढे सर्वत्र रूढ झाली. छताचा पत्रा जेथे बाजूच्या पत्र्याला जोडला जाई तेथे दुमडलेली कड बाहेर ठेवीत. दार उघडताना पावसाचे पाणी अंगावर पडू नये म्हणून केलेली ही पन्हळ, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यामुळे गाडीच्या वरच्या भागातील सर्वांत ताठ रेषाही तीच. चिमट्यांसारखे पाय या पन्हळीत अडकवून त्यांवर आडवे दांडे टाकले की छताला भोक न पाडता कॅरिअर उभे राही. पाण्यासाठी केलेल्या पन्हळीने असा भार वाहण्यासही आधार दिला, आणि पुढची निदान चार दशके जगभरच्या कॅरिअरचे रूप तिनेच ठरवले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीवरचे कॅरिअर याच परंपरेतील होते. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त होईपर्यंत, गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांचे सामान स्थानकापर्यंत किंवा बसपर्यंत नेण्याचे काम त्या कॅरिअरने केले.

भारतातील आडवाटेच्या गाड्यांचा वंश मात्र जीपपासून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून मोठ्या संख्येने बनवलेल्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी करण्याचे काम महिंद्र उद्योगसमूहाने १९४७ मध्ये सुरू केले. या जीपवर कापडी टप होता, आणि तो लोखंडी कमानींवर ताणलेला असल्याने त्यावर ओझे टाकण्याची सोय नव्हती. जीपचे सामान मागे किंवा जोडगाडीतच राहिले. परिणामी, ज्या गाडीला आडवाटेची म्हणून पुढे सर्वाधिक मान मिळाला तिला प्रारंभी टपावरचे कॅरिअर नव्हतेच, आणि सिंधुदुर्गातील कॅरिअरची परंपरा तिच्याकडून आली नाही.

ती आली एस.टी.कडून. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेली राज्य परिवहनाची सेवा क्रमाने कोकणात पसरली आणि आंबोली, फोंडा, करूळ या घाटांतून चढणाऱ्या गाड्यांनी किनारा देशावरच्या बाजारपेठांशी जोडला. या गाड्यांच्या टपावर लोखंडी कठडा आणि मागच्या बाजूला शिडी असे. नारळाची पोती, फणस, ट्रंका, वळकट्या, सायकली असे काहीही हमालाने शिडीवरून वर चढवावे, काथ्याच्या किंवा सुंभाच्या दोरीने आवळावे, पावसाळ्यात त्यावर ताडपत्री ओढावी आणि वाहकाने त्याचे लगेजचे तिकीट फाडावे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात फार विचार सामावलेला होता. कठडा उंच नव्हता, परंतु चारही बाजूंनी अखंड होता; तळ पट्ट्यांचा असल्याने पाणी साचत नसे; आणि भार छताच्या पत्र्यावर न पडता बाजूच्या खांबांतून खालच्या चौकटीवर उतरे. पुढे बसच्या पोटात सामानाचे कप्पे आले आणि टपावरचे कठडे मागे पडले, तथापि तोवर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गॅरेजांना हा नमुना पाठ झाला होता.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, महिंद्राची कमांडर आणि १९९४ मध्ये आलेली, सुमंत मूळगावकरांच्या नावातील अक्षरांवरून नाव ठेवलेली टाटा सुमो या गाड्या गावोगाव प्रवासी वाहतुकीला लागल्या, तेव्हा एस.टी.चा तो नमुना लहान करून त्यांच्या टपावर चढवण्यात आला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तरी रूळ मालवणात आले नाहीत. कणकवली, सिंधुदुर्गनगरी किंवा कुडाळ येथे उतरून किनाऱ्याकडे जाणारी वाट रस्त्याचीच राहिली, आणि त्यामुळे माणसांनी भरलेल्या गाडीचा टप हेच सामानाचे एकमेव ठिकाण ठरले. या कॅरिअरमध्ये शोभेचा एकही भाग नसतो, आणि हाच त्याचा मोठा गुण होय.

मोहिमांतून आलेले कूळ १९४८ मध्ये इंग्लंडात आलेल्या लँड रोव्हरचे. पेट्रोल पंप आणि दुरुस्तीची सोय नसलेल्या प्रदेशांतून आठवडेच्या आठवडे जाताना इंधनाचे डबे, जादा चाके आणि तंबू छतावर न्यावे लागत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १९५५–५६ मध्ये लंडनहून सिंगापूरला खुष्कीच्या मार्गाने केलेल्या मोहिमेसारख्या प्रवासांनी, आणि पुढे १९८० ते २००० या काळात भरलेल्या कॅमल ट्रॉफी या स्पर्धांनी, टपावर लादलेली गाडी हे साहसाचे चिन्ह बनवले. दरम्यान स्वीडनच्या थूले या कंपनीने १९६० च्या दशकात मोटारींच्या छतांसाठी सामानवाहू दांड्यांचे उत्पादन सुरू करून ही वस्तू घरगुती सहलींपर्यंत नेली. वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठी गाड्यांच्या पन्हळी जसजशा नाहीशा होत गेल्या, तसतसे चिमट्याचे पाय निरुपयोगी ठरले, आणि त्यांच्या जागी कारखान्यातूनच बसवलेले उभे दांडे, ज्यांना रूफ रेल म्हणतात, किंवा छतातील आटे पाडलेल्या जागा आल्या.

या दोन कुळांची गाठ आता मालवणच्या किनाऱ्यावर पडली आहे, आणि निवडीचे सारे प्रश्न तेथूनच निर्माण होतात. पहिला प्रश्न आधाराचा. बोलेरो, जुनी जिप्सी आणि २०२३ मध्ये भारतीय बाजारात आलेली जिम्नी यांना पन्हळ आहे, म्हणून त्यांवर पन्हळीत बसणारे पायच घ्यावेत. २०२० च्या थारचा कठीण टप पोलादी पत्र्याचा नसून साच्यात घडवलेल्या संमिश्र द्रव्याचा आहे, आणि तिचा कापडी टप तर जीपच्याच जातीचा; अशा गाडीवर सांगाडा बसवायचाच झाला, तर ज्याचे पाय टपाला न टेकता भार गाडीच्या अंगावर उतरवतात तोच विचारात घ्यावा. दुसरा प्रश्न वजनाचा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली छताची मर्यादा धावत्या गाडीसाठी असते आणि तिच्यात सांगाड्याचे स्वतःचे वजनही धरायचे असते. तीन दारी जिम्नीसाठी परदेशी बाजारांत ही मर्यादा केवळ ३० किलो सांगितली गेली आहे, आणि पूर्ण लांबीचा पोलादी सांगाडा एकटाच तेवढा भरू शकतो. खडबडीत वाटेवर धक्क्यांमुळे भार क्षणोक्षणी वाढतो, म्हणून ऑस्ट्रेलियातील ऱ्हायनो-रॅक ही कंपनी आडवाटेसाठी आपल्या सांगाड्यांची क्षमता दीडने भागून घ्यायला सांगते. हा नियम करूळच्या वळणांनाही लावावा, कारण टपावरचे ओझे गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते आणि उताराच्या वळणावर गाडी बाहेर कलते. स्कूबा डायव्हिंगचे हवा भरलेले सिलिंडर, इंधन, अवजारे अशा जड वस्तूंची जागा खालीच आहे. टपावर तंबू, गाद्या, हलकी होडकी अशा आकाराने मोठ्या पण वजनाने कमी वस्तू शोभतात.

तिसरा प्रश्न खाऱ्या वाऱ्याचा, आणि मोहिमांच्या कुळातील महागडे सांगाडे येथेच कमी पडतात. समुद्राचे तुषार आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस यांत साध्या पोलादाचा रंग जेथे उडतो तेथून गंज आत शिरतो. नळीच्या टोकाला बूच नसेल तर तो आतून खातो आणि बाहेर दिसेपर्यंत सांधा गेलेला असतो. ॲल्युमिनियम हलके आणि गंजाला पुष्कळ दाद न देणारे आहे, परंतु पोलादी बोल्टशी त्याचा थेट संपर्क आला की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून सांध्यात रबराची किंवा नायलॉनची चकती हवी, आणि किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे हवे. लोखंडच घ्यायचे असेल तर जोडकाम पुरे झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले घ्यावे. उंचीचाही विचार व्हावा, कारण आडगावातल्या पाणंदींवर फणसाच्या आणि काजूच्या फांद्या खाली वाकलेल्या असतात आणि उंच कठडा त्यांत अडकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे काढता येणारा, बोल्टने बसवलेला सांगाडा छताला वेल्ड केलेल्या सांगाड्यापेक्षा केव्हाही बरा. तरीही बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे श्रेयस्कर. कलम १२३ ने टपावर माणूस बसवण्यास मनाई केली आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर छायाचित्रांसाठी सांगाड्यावर माणसे बसवून गाडी चालवणाऱ्यांनाही ती लागू आहे.

या सर्वांचा विचार करता मालवण परिसरात फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांना पूर्ण लांबीच्या, जड, मोहीमछाप सांगाड्याची गरज नाही. येथे पेट्रोल पंप आणि मुक्कामाची घरे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि वाळवंटासाठी घडलेले रूप येथे केवळ इंधन आणि गाडीचा तोल खर्च करते. दोन आडवे दांडे, त्यांवर गरजेपुरती बुटकी, पट्ट्यांच्या तळाची चौकट, आणि पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येईल अशी जोडणी, हीच येथे योग्य निवड होय. ज्यांना कॅरिअर घ्यायचे आहे त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी गाडीच्या माहितीपुस्तिकेतील छताच्या भारमर्यादेचे पान उघडावे आणि तेथील आकडा लिहून सोबत न्यावा.