टेलिफोनच्या गळतीतून

लंडनच्या मल्टिटोन कंपनीचे जोसेफ पोलियाकोफ यांनी १९३७ साली ब्रिटनमध्ये एक पेटंट घेतले. तारेचे मोठे वेटोळे टाकायचे, वक्त्याच्या आवाजाचा विद्युतप्रवाह त्यातून सोडायचा आणि आत बसलेल्या माणसाच्या श्रवणयंत्रातल्या चिमुकल्या कॉइलने तो चुंबकीय क्षेत्रातून उचलायचा. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रवर्तनच ते. फक्त ते बहिऱ्यांच्या कामाला लावले गेले. हिअरिंग लूपचा जन्म म्हणून हेच साल सांगतात आणि पेटंटापुरते ते खरेही आहे. पण सभागृहात तार टाकून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या कानाशी कॉइल हवी. ती तिथे टिकली ती टेलिफोनमुळे, म्हणून या कुळाचा मूळपुरुष मी टेलिफोनलाच मानतो.

जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधल्या विद्युतचुंबकातून बरेच क्षेत्र बाहेर सांडत असे. टेलिफोन कंपनीच्या दृष्टीने ती निव्वळ गळती. मात्र श्रवणयंत्राला रिसीव्हर टेकवला की यंत्राचा माइक शिट्टी मारतो, शिवाय खोलीतला गलबलाही आत येतो. त्याऐवजी कॉइलने ती गळतीच टिपली तर शिट्टी नाही आणि गलबलाही नाही. अमेरिकेत सॅम लायबार्गर यांनी १९४० च्या दशकात हे जमवले आणि पुढे श्रवणयंत्रावर ‘टी’चा, म्हणजे टेलिकॉइलचा, खटका रुळला. या गळतीची किंमत कळली ती ती आटल्यावर. सुधारित रिसीव्हरांतून क्षेत्र कमी सांडू लागले आणि अभियंत्यांच्या लेखी प्रगती झाली, तेव्हा टीवर ऐकणाऱ्यांचा फोन मुका झाला. तक्रारींचा शेवट अमेरिकेत १९८८ च्या कायद्यात झाला: फोन श्रवणयंत्राशी जुळणारा असलाच पाहिजे. एरवी दोष ठरणारी गोष्ट अशी हक्काची झाली.

यावर कोणी म्हणेल, हा पोलियाकोफवर अन्याय आहे. कल्पना त्यांची, टेलिफोनचा संबंध योगायोगाचा. कल्पनेचे श्रेय त्यांचेच. पण लूप बसवण्याची विद्या नीट पाहिली तर तिची मापे ऐकणाऱ्याच्या कॉइलने ठरवलेली दिसतात. कॉइल यंत्रात साधारण उभी असते, म्हणून क्षेत्राचा उभा घटकच मोजायचा, तोही बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०११८-४ आवाजाच्या शिखरांसाठी मीटरला ४०० मिलिअँपिअर इतकी तीव्रता मागते. ती मिळाली तर खटका माइकवरून टीवर नेल्यावर आवाज ढोबळमानाने तेवढाच राहतो. तार जमिनीत असेल तर थेट तिच्यावरच्या खुर्चीवर उभा घटक जवळजवळ नाहीसा होतो. स्लॅबमधल्या सळ्या क्षेत्र खातात आणि उंच स्वर आधी खातात. म्हणजे ‘स’, ‘श’सारखी व्यंजने, ज्यांच्यावर बोलणे कळणे अवलंबून असते, तीच जातात. शेजारच्या दालनात भाषण सांडू नये म्हणून एकाऐवजी दोन वेटोळी घालून त्यांतले प्रवाह पाव आवर्तनाने मागेपुढे ठेवतात. म्हणून जागेवर मोजमाप न करता तार ओढून जाणारा कंत्राटदार फक्त भिंतीवर कानाचे चिन्ह लावून जातो, असे म्हणावे लागते. लूप कुचकामी असल्याची जी ओरड होते, तिच्यातला बराच भाग अशा कामांचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. ब्लूटूथवर आधारलेले ऑराकास्ट २०२२ मध्ये जाहीर झाले; एका प्रक्षेपकावरून कितीही जण ऐकू शकतात, सळ्यांचा त्रास नाही, स्टिरिओही मिळतो. मग तांब्याची तार कशाला? गुणवत्तेत नवे तंत्र पुढे जाईल, हे मान्य करावे लागेल. पण लूपमध्ये आवाजाला कोणतीही सांकेतिक भाषा नेसवलेली नसते. आवाजाच्याच वारंवारतेचे क्षेत्र हवेत असते. त्यामुळे विलंब जवळजवळ नाही, जोडणी करावी लागत नाही, आणि जुने यंत्र नव्या इमारतीत तसेच चालते. तिकीट खिडकीपाशी अर्ध्या मिनिटासाठी उभ्या असलेल्या ज्येष्ठ नागरिकाला फोनवर प्रक्षेपण शोधत बसणे परवडत नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तोही टेलिफोनकडूनच. मोबाइलचा आवाज आता ब्लूटूथने थेट श्रवणयंत्रात येतो, तेव्हा फोनसाठी कॉइलची गरज उरत नाही. यंत्र बारीक करण्याच्या चढाओढीत तिचीच जागा आधी काढून घेतली जाते. जिथे कॉइल आहे तिथेही तिचा प्रोग्रॅम ऑडिऑलॉजिस्टने चालू करून द्यावा लागतो. तो राहून गेला, तर मानकाला उतरलेल्या लूपमध्ये बसूनही त्या माणसाला केवळ माइकमधून सभागृहाचा घुमाराच ऐकू येतो.