बापलेक: शब्दांवाचून बोलणारी चित्रे आणि शब्दांपायी गेलेला चित्रकार

१/
टक्कल पडलेला, पोट सुटलेला, झुपकेदार मिशांचा एक बाप आणि विस्कटलेल्या केसांचा त्याचा खोडकर मुलगा. मोजक्या चौकटींत त्यांची एक गंमत घडते आणि संपते. कोणी अक्षरही बोलत नाही. १९३४ ते १९३७ या काळात, नाझी राजवटीखालील जर्मनीत, ही चित्रे घरोघरी पाहिली जात होती. मात्र ती काढणाऱ्या माणसाला आपले खरे नाव चित्राखाली लिहिण्याची मुभा नव्हती.

२/
अक्षरओळख नसलेल्या मुलालाही एकट्याने वाचता येईल, अशा निःशब्द चित्रकथांच्या इतिहासातले हे एक महत्त्वाचे पान आहे. त्याआधीची परंपरा थोडक्यात पाहू. १८६५ साली विल्हेल्म बुश यांनी ‘माक्स उंड मोरिट्स’ या दोन व्रात्य पोरांच्या खोड्या चित्रांत आणल्या, पण चित्रांखाली पद्ये होती. १९१९ मध्ये बेल्जियमच्या फ्रान्स मासरेल यांनी १६७ काष्ठमुद्रा-चित्रांतून शब्दांवाचून एक संपूर्ण जीवनकथा सांगितली, पण ती प्रौढांसाठी होती. बुश यांची खोडी आणि मासरेल यांचे मौन या बापलेकांच्या चौकटींत एकत्र आले.

३/
चित्रकाराचे नाव एरिख ओझर. जन्म १९०३ चा, सॅक्सनी प्रांतातला. बालपण प्लाउएन या गावी गेले. आधी ते फिटरचे काम शिकले आणि मग लाइपझिगच्या कला अकादमीत दाखल झाले. त्या काळात त्यांना दोन मित्र मिळाले, योगायोगाने दोघेही एरिख: पत्रकार एरिख क्नाउफ आणि लेखक एरिख केस्टनर. हेच केस्टनर पुढे ‘एमिल’च्या बालकादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या १९२८ च्या पहिल्या काव्यसंग्रहातील चित्रे ओझर यांची होती.

४/
ओझर यांची लेखणी तिखट होती. समाजवादी लोकशाही पक्षाच्या ‘फोरवेर्ट्स’ या वृत्तपत्रात त्यांनी हिटलर आणि गोबेल्स यांची व्यंगचित्रे काढली. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हीच चित्रे त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये ज्या पुस्तकांची होळी झाली, त्यांत केस्टनर यांचीही पुस्तके होती. नव्या राजवटीत व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व असल्याशिवाय वृत्तपत्रांत काम करता येत नसे. १९३४ च्या आरंभी ओझर यांचा अर्ज फेटाळला गेला. घरात पत्नी आणि लहान मुलगा क्रिस्टियान होता, आणि पोट भरण्याचा मार्ग बंद झाला होता.

५/
त्याच सुमारास ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ हे मोठ्या खपाचे साप्ताहिक एका कायमस्वरूपी चित्रमालिकेच्या शोधात होते. निवड ओझर यांची झाली. परवानगी मिळाली, पण दोन अटींवर: विषय राजकीय नसावा आणि खरे नाव छापू नये. ओझर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे आणि गावाचे नाव जोडून ‘ई. ओ. प्लाउएन’ हे टोपणनाव घेतले. डिसेंबर १९३४ मध्ये ‘फाटर उंड झोन’, म्हणजेच ‘बाप आणि मुलगा’, ही मालिका सुरू झाली. क्रिस्टियान तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता.

६/
एक कथा पाहा. मुलाला गृहपाठ जमत नाही, म्हणून बाप तो लिहून देतो. शाळेत शिक्षकांच्या लक्षात येते की हे मुलाचे काम नाही. ते मुलाला घेऊन थेट घरी येतात आणि चोप देतात तो बापाला! दुसरी कथा: मुलगा जमिनीवर पालथा पडून पुस्तकात गुंग आहे. जेवायचे म्हणून बाप त्याला उठवायला जातो. मुलगा येऊन जेवायला बसतो, पण आता बापाचा पत्ता नाही. तो त्याच पुस्तकात डोके घालून जमिनीवर पडलेला असतो.

७/
हे शब्दांवाचून कसे कळते? प्रथम, आकृती ओळखीच्या राहतात. बाप नेहमी गोल आणि अवजड, मुलगा लहान आणि केस उभे. पार्श्वभूमीत अनावश्यक रेघ नाही. राग, लाज, आनंद हे सारे खांद्यांच्या उतारात आणि मानेच्या वळणात आहे. सर्वांत महत्त्वाचे ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत घडते. शिक्षक मुलाला घेऊन निघाले आणि घरी पोहोचले, यांमधला रस्ता चित्रकार दाखवत नाही. तो रस्ता पाहणारे मूल मनातल्या मनात चालते. गोष्ट अर्धी कागदावर असते आणि अर्धी त्याच्या डोक्यात.

८/
आता भोवतालचा काळ आठवा. डिसेंबर १९३६ च्या कायद्याने जर्मन मुलांना ‘हिटलर यूथ’ या संघटनेच्या छत्राखाली आणले गेले. गणवेश, संचलन आणि आज्ञापालन हे बालपणाचे आदर्श ठरवले जात होते. या बापलेकांच्या जगात मात्र बाप हरतो, चुकतो आणि मुलाबरोबर पोरकटपणा करतो. या चित्रांना राजकीय प्रतिकार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या घरात बापाचा दरारा नाही आणि घोषणाही नाहीत, असे एक घर ती चित्रे दर आठवड्याला दाखवत राहिली, हे नाकारता येत नाही.

९/
मौनाला दुसरी बाजूही असते. जे पात्र स्वतः बोलत नाही, त्याच्या तोंडी कोणीही आपले शब्द घालू शकतो. हे बापलेक इतके लोकप्रिय झाले की त्यांचा वापर जाहिरातींत होऊ लागला. पुढे नाझींच्या ‘हिवाळी मदत’ मोहिमेच्या प्रचारासाठीही त्यांना जुंपण्यात आले. राजकारणापासून दूर राहण्याच्या अटीवर जन्मलेली पात्रे अखेर राजवटीच्याच कामी आली.

१०/
१९३७ च्या अखेरीस ओझर यांनी मालिका थांबवली. निरोपाच्या चित्रांत बापलेक हातात हात घालून चालत दूर जातात, हळूहळू आकाशात चढतात. शेवटी बापाचा चंद्र होतो आणि मुलाची चांदणी.

११/
चित्रकाराला मात्र जमिनीवरच राहायचे होते. १९४० पासून ओझर यांनी ‘दास राइश’ या साप्ताहिकासाठी ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत संघावर टीका करणारी राजकीय व्यंगचित्रे काढली. या साप्ताहिकाचे अग्रलेख खुद्द गोबेल्स लिहीत असे. ज्याची टर उडवल्याबद्दल बंदी आली, त्याच्याच पत्रात नोकरी! हा तपशील वगळून ओझर यांना निष्कलंक वीर ठरवणे सोपे आहे, पण इतिहासाशी ते प्रामाणिक नव्हे. दिवसा ते राजवटीसाठी चित्रे काढत आणि खासगीत तिचीच थट्टा करत.

१२/
ती थट्टाच जिवावर बेतली. १९४३ च्या अखेरीस बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यांत घर गमावल्यानंतर ओझर आणि क्नाउफ शहराच्या कडेला काउल्सडॉर्फ येथे राहू लागले. तिथल्या एका शेजाऱ्याने दोघांचे हिटलर-गोबेल्सविषयीचे विनोद टिपून ठेवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. २८ मार्च १९४४ रोजी दोघांना अटक झाली.

१३/
खटला ‘लोकन्यायालया’त चालणार होता. न्यायाधीश होता फाशीच्या शिक्षांसाठी कुप्रसिद्ध असलेला रोलांड फ्राइसलर. ६ एप्रिलच्या सुनावणीआधीच ओझर यांनी कोठडीत स्वतःचे जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी मित्राला वाचवण्यासाठी सगळा दोष स्वतःवर घेतला होता. त्याचा उपयोग झाला नाही. २ मे १९४४ रोजी क्नाउफ यांना देहदंड देण्यात आला आणि त्याच्या खर्चाचे बिल त्यांच्या पत्नीला पाठवण्यात आले. तिघांपैकी एकटे केस्टनर उरले. त्यांनी युद्धानंतर मित्रांची ही कहाणी लिहून ठेवली.

१४/
मृत्यूसमयी ओझर ४१ वर्षांचे होते. त्यांचे बापलेक मात्र पुढे चालत राहिले. युद्धानंतर पुस्तके पुन्हा छापली गेली. भाषांतराची गरज नसल्याने ती सहज सीमा ओलांडून गेली, चीनमध्ये तर अतिशय लोकप्रिय झाली. जर्मन भाषेच्या वर्गांत चित्रांवरून गोष्ट सांगण्याच्या सरावासाठी आजही त्यांचा उपयोग होतो. प्लाउएनमध्ये ओझर यांच्या नावाचे संग्रहालय आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या रेमंड ब्रिग्ज यांनी ‘द स्नोमॅन’ हे चौकटींचे निःशब्द पुस्तक मुलांना दिले, तेव्हा या वाटेवर अशी पावले आधीच उमटलेली होती.

१५/
निःशब्द चित्रपुस्तकाला आपण ‘वाचता न येणाऱ्यांचे पुस्तक’ म्हणून सहज बाजूला सारतो. पण ते निःशब्द का आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायला हवा. मुलाच्या कल्पनेला जागा मिळावी म्हणून? की बोलण्याची सोय उरली नव्हती म्हणून? ओझर यांच्या चौकटींत ही दोन्ही कारणे शेजारीशेजारी नांदतात. म्हणून पुढच्या वेळी असे पुस्तक हाती आले की ते कोणत्या साली, कुठे आणि कोणत्या नावाने छापले गेले, तेही एकदा पाहा.

(समाप्त)