योगासनांच्या आधुनिक परंपरा

योगासने शिकविण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती विसाव्या शतकात भारतात रूढ झाल्या व पुढे जगभर पसरल्या, त्यांना स्थूलमानाने योगासनांच्या आधुनिक परंपरा असे म्हणता येईल. कैवल्यधाम, अय्यंगार, अष्टांग-विन्यास, शिवानंद, बिहार योग ही त्यांतील सर्वपरिचित नावे होत. या पद्धतींतील आसने बहुतांशी समान आहेत. तथापि ती किती वेळ धरावयाची, कोणत्या क्रमाने करावयाची, श्वासाशी त्यांची सांगड कशी घालावयाची आणि शिष्याच्या शरीराला किती सवलत द्यावयाची, यांबाबत त्यांच्यात मोठे अंतर आहे. प्रत्येक पद्धतीच्या प्रारंभी तिच्या प्रवर्तकापुढे जे शिष्य उभे होते, त्यांचे वय, प्रकृती व गरज यांतून हे अंतर प्रामुख्याने पडत गेले. त्यामुळे कोणती पद्धती कोणास मानवेल, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या इतिहासात सापडते.

साधकाच्या योग्यतेचा हा प्रश्न नवा नाही. शिवसंहितेत साधकांचे मृदू, मध्य, अधिमात्र व अधिमात्रतम असे चार वर्ग कल्पून त्यांना अनुक्रमे मंत्रयोग, लययोग, हठयोग आणि सर्व प्रकारचे योग यांचा अधिकार सांगितला आहे. ही वर्गवारी साधकाचा उत्साह, धैर्य व वृत्ती यांवर आधारलेली आहे. त्याच्या गुडघ्यांची वा कण्याची चिकित्सा तीत नाही. हठप्रदीपिकेने (सु. पंधरावे शतक) तर तरुण, वृद्ध, रोगी, दुर्बल अशा सर्वांनाच अभ्यासाने सिद्धी मिळते, अशी ग्वाही दिली आहे. मात्र या ग्रंथांत आसनांचा विस्तार फारसा नव्हता. पतंजलींनी आसनाचा विचार तीन सूत्रांत आटोपला. हठप्रदीपिकेत पंधरा, तर घेरंडसंहितेत बत्तीस आसने वर्णिलेली आहेत. ध्यानासाठी बैठक स्थिर करणे व शरीरशुद्धी साधणे एवढ्यापुरतीच आसने असल्याने ‘कोणाला कोणती’ हा प्रश्न तेव्हा तितकासा निकडीचा नव्हता.

अठराव्या शतकाच्या सुमारास हे चित्र पालटलेले दिसते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात कपालकुरंटककृत हठाभ्यासपद्धति या ग्रंथाचे हस्तलिखित आहे. त्यात ११२ आसने असून काही दोरीच्या साहाय्याने, तर काही सतत हालचाल करीत करावयाची आहेत. म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी सिद्ध करविलेल्या श्रीतत्त्वनिधि या सचित्र ग्रंथातील १२२ आसनांशी या हस्तलिखिताचे निकटचे नाते आहे. आधुनिक आसनपद्धती म्हणजे केवळ पाश्चात्त्य व्यायामाची उसनवारी होय, हे अलीकडे वारंवार मांडले जाणारे मत या ग्रंथांमुळे एकांगी ठरते. दुसरीकडे, आजचे वर्ग ऋषिमुनींच्या काळापासून जसेच्या तसे चालत आले आहेत, या समजुतीलाही आधार नाही.

आसने प्रापंचिक माणसाच्या घरापर्यंत नेण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुंबई इलाख्यात झाला. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांचे दोन शिष्य त्याचे प्रवर्तक होत. त्यांपैकी मणिभाई हरिभाई देसाई ऊर्फ योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वेसावे येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. पुढे ती सांताक्रूझ येथे स्थिरावली. गृहस्थाश्रमी, नोकरदार व पचनाच्या तक्रारींनी त्रासलेले लोक त्यांच्यापुढे असल्याने त्यांनी आसने सोपी केली आणि दिनचर्या, आहार व मनःस्वास्थ्य यांना आसनांइतकेच महत्त्व दिले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांच्या योगव्यायामावर १९३४ मध्ये ग्रंथ लिहिला. स्त्रियांनी आसने करावीत की नाहीत, हाच त्या काळी वादाचा विषय होता, हे ध्यानात घेता या ग्रंथाचे मोल अधिक वाटते.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). त्यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. नौली व उड्डियान करताना आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब मोजण्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. बडोद्याच्या प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात शारीरिक शिक्षण घेतलेले असल्याने शाळांतील मुलांच्या सामुदायिक कवायतीचीही त्यांना जाण होती. साहजिकच त्यांच्या हाती दोन निराळे अभ्यासक्रम घडले : एक निरोगी विद्यार्थ्यांसाठी, दुसरा रुग्णांसाठी. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकारावर महात्मा गांधींनी त्यांचा सल्ला घेतला होता. कैवल्यधामच्या पद्धतीत आसन सावकाश घेणे, झटका न देणे, स्नायूंवर किमान ताण ठेवून स्थिर राहणे व सावकाश सोडणे यांवर कटाक्ष आहे. प्रौढपणी नव्याने आरंभ करणाऱ्यास व दीर्घकाळच्या सौम्य विकारांनी पीडित असलेल्यास ती मानवते. घाम गाळण्याची हौस असलेल्या तरुणास ती संथ वाटण्याचा संभव अधिक.

याच सुमारास औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करीत होते. सूर्यनमस्कार हा आज योगवर्गाचा अविभाज्य भाग समजला जातो. तथापि १९३० च्या आसपास तो आसनांहून वेगळा व्यायाम मानीत. म्हैसूरच्या राजवाड्यातही सूर्यनमस्कारांचे वर्ग योगशाळेहून स्वतंत्र भरत.

जगभर आज जी आसने केली जातात, त्यांपैकी बराच मोठा भाग या म्हैसूरच्या योगशाळेतून बाहेर पडला. चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाखाली तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८–१९८९) यांनी १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात ती सुरू केली. राजघराण्यातील व आसपासच्या घरांतील मुले हा तेथील शिष्यवर्ग होता. ही मुले लवचिक, चपळ व लवकर कंटाळणारी असल्याने एका आसनातून दुसऱ्यात श्वासाच्या तालावर जाण्याचा विन्यासक्रम त्यांच्यासाठी सोयीचा ठरला. योगप्रसारासाठी होणाऱ्या जाहीर प्रात्यक्षिकांनाही ही चपळाई उपकारक होती. कृष्णमाचार्यांचा योगमकरंद हा कन्नड ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेल्या तिघा-चौघा शिष्यांनी पुढे इतक्या भिन्न पद्धती प्रचारात आणाव्यात, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. प्रत्येकाची गुरूशी गाठ त्याच्या आयुष्याच्या वेगळ्या टप्प्यावर पडली, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

के. पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांनी गुरूच्या उमेदीच्या काळातील कडक क्रम उचलला. म्हैसूरच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी १९३७ पासून योग शिकविला आणि १९४८ मध्ये आपली संशोधनसंस्था स्थापन केली. ‘अष्टांग-विन्यास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या पद्धतीत सूर्यनमस्कारांनी आरंभ होतो व ठरलेली आसने ठरलेल्या क्रमानेच करावयाची असतात. आधीचे आसन साधल्याशिवाय पुढचे मिळत नाही. उज्जायीसदृश श्वसन, बंध व दृष्टी यांचे अवधान सतत ठेवावे लागते. शनिवारी व पौर्णिमा-अमावास्येस विश्रांती असते. धडधाकट, नियमित व पहाटे उठण्याची तयारी असलेल्या तरुणांस ही पद्धती फार उपयुक्त आहे, कारण क्रम एकदा पाठ झाला की साधक स्वावलंबी होतो. तथापि तिच्या पहिल्याच श्रेणीत अर्धबद्धपद्मोत्तानासन, मरीच्यासन यांसारखी पद्मासनाधिष्ठित आसने बरीच आहेत. ज्याने आयुष्य खुर्चीवर बसून काढले, त्याचे खुब्याचे सांधे आखडलेले असतात व वळण्याचा सारा ताण गुडघ्यावर येतो. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या मुलांसाठी ही अडचण नव्हती. चाळिशीनंतर आरंभ करणाऱ्याने या क्रमाचा हट्ट धरू नये, हे उत्तम.

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार (१९१८–२०१४) यांची गोष्ट अगदी उलट आहे. बालपणी हिवताप, विषमज्वर व क्षय यांनी पोखरलेला हा मुलगा १९३४ मध्ये म्हैसूरला आपल्या मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे आला. त्याचे शरीर ताठरलेले होते आणि शिक्षणाचा कालही अल्प होता. १९३७ मध्ये गुरूने त्यास पुण्यास डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास धाडले. मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम आणि विद्यार्थी आपल्याहून सुदृढ, अशा स्थितीत त्याला स्वतःच्या शरीरावर तासन्‌तास प्रयोग करून प्रत्येक आसनाची घडण समजून घ्यावी लागली. अय्यंगार पद्धतीत उभ्या आसनांना, अवयवांच्या अचूक ठेवणीला व आसनात दीर्घकाळ टिकण्याला जे प्राधान्य आहे, त्याचे मूळ येथे आहे. पुढे रुग्ण व वृद्ध येऊ लागले, तेव्हा दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, घोंगड्या व खुर्च्या आल्या. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांची मुंबईत भेट झाल्यावर अय्यंगारांना यूरोपचे दार उघडले. बेल्जियमच्या ऐंशी ओलांडलेल्या राजमाता एलिझाबेथ यांना त्यांनी शीर्षासन शिकविले. योगदीपिका या नावाने मराठीत आलेला त्यांचा मूळ इंग्रजी ग्रंथ १९६६ चा असून पुण्याची रमामणी अय्यंगार स्मारक योगसंस्था १९७५ मध्ये सुरू झाली. पाठीचे व सांध्यांचे दुखणे असलेले, वयस्कर, तसेच सूक्ष्म चिकित्सेची आवड असणारे लोक यांना ही पद्धती विशेष मानवते. तिच्यात शिक्षकाची नजर हेच मुख्य साधन असल्याने पुस्तकावरून ती शिकणे कठीण. शिवाय शिक्षकांचा करडेपणा सर्वांना रुचतोच असे नाही.

रीगा येथे जन्मलेल्या इंद्रादेवी (१८९९–२००२) यांना कृष्णमाचार्यांनी प्रथम नाकारले व महाराजांच्या शब्दाखातर नंतर स्वीकारले. त्यांनी १९४७ मध्ये हॉलिवुडला वर्ग काढून सौम्य आसने व विश्रांती यांवर भर दिला. कृष्णमाचार्य स्वतः १९५२ च्या सुमारास मद्रासला गेले. म्हैसूरची योगशाळा तोपर्यंत बंद पडली होती. आता त्यांच्याकडे मुलांऐवजी एकेकटे येणारे रोगी व प्रौढ होते. या काळात शिकलेले त्यांचे पुत्र देशिकाचार (१९३८–२०१६) यांनी श्वासानुसारी, सोपा व प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा आखलेला अभ्यास प्रचारात आणला. ‘विनियोग’ या नावाने तो ख्यात झाला. ते नाव पुढे त्यांनीच सोडले. बाल्य, प्रौढत्व व वार्धक्य यांना अनुसरून सृष्टी, स्थिती व लय असे अभ्यासाचे तीन क्रम कृष्णमाचार्य सांगत. त्यांची स्वतःची कारकीर्दच या विभागणीची साक्ष देते.

हृषीकेश येथील स्वामी शिवानंद (१८८७–१९६३) पूर्वाश्रमी मलायात वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांचे शिष्य विष्णुदेवानंद यांनी बारा मूलभूत आसनांचा क्रम पश्चिमेकडे नेला. आसन, प्राणायाम, शवासन, आहार व ध्यान यांचा मेळ हवा असणाऱ्या निरोगी माणसास तो सोयीचा आहे. शिवानंदांचेच शिष्य सत्यानंद यांनी मुंगेर येथे बिहार योग विद्यालय काढले. त्यांची पवनमुक्तासन-मालिका बोटे, घोटे, मनगटे अशा लहान सांध्यांपासून सुरू होते. संधिवाताच्या रोग्यास वा अंथरुणातून नुकत्याच उठलेल्यास इतका सुलभ प्रारंभ क्वचितच अन्यत्र मिळेल. कलकत्त्याच्या विष्णुचरण घोष यांच्या व्यायामशाळेतून निघालेली व बिक्रम चौधरी यांनी अमेरिकेत प्रसृत केलेली, सु. ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत २६ आसने करण्याची पद्धती हृदयविकारी व गर्भवती यांनी टाळावी. तिच्या क्रमावर प्रतिमुद्राधिकार सांगता येत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

वैद्यकीय परीक्षणांत पद्धतींमधील हे भेद फारसे उठून दिसत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५२ प्रकारच्या योगपद्धतींवरील ३०६ चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी सु. ९१ टक्क्यांचे निष्कर्ष अनुकूल होते आणि कोणतीही एक पद्धती सरस ठरली नाही. कंबरदुखीवर ताणाच्या व्यायामांशी विनियोग पद्धतीची तुलना २०११ मध्ये अमेरिकेत करण्यात आली, तेव्हा दोहोंचा गुण जवळजवळ सारखाच आढळला. चाचण्यांत निवडक रुग्ण व सौम्य अभ्यास असतो, हे मात्र विसरता येत नाही. शीर्षासनात डोळ्यांतील दाब वाढत असल्याने काचबिंदूच्या रोग्यास ते कोणत्याही परंपरेत वर्ज्यच होय. उच्च रक्तदाब व मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्यांनीही उलट्या आसनांच्या बाबतीत प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. सर्वांगासनाऐवजी पाय भिंतीला टेकवून पडण्याचा पर्याय बहुतेक शिक्षक अशांना देतात.