पायांनी पाहायचं चित्र

कोल्हापुरात मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना निसर्गचित्र शिकवायचे. क्षितिजरेषा आखा, समांतर रेषा दूर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो लोपबिंदू धरा, बघणारा एका जागी उभा आहे असं समजा. व्हँकुव्हरला मुलीकडे आल्यापासून मी चायनाटाउनमधल्या डॉ. सन यत-सेन बागेत जाते, ती बघणाऱ्याला चालायला लावणारी दुसरी शिस्त पाहायला.

ही शिस्त मूळची चित्रांतली. चिनी आडवं गुंडाळीचित्र मेजावर ठेवून डाव्या हाताने उलगडायचं, उजव्याने गुंडाळत जायचं. एका वेळी दिसणार हातभरच. वांग शीमेंगने १११३ मध्ये रंगवलेलं नद्या-डोंगरांचं चित्र जवळपास १२ मीटर लांब आहे. एवढ्या लांबीला एक लोपबिंदू पुरणार कसा? अकराव्या शतकातल्या ग्वो शी या चित्रकाराने नजरेच्या तीन वाटा सांगितल्या होत्या: पायथ्याहून शिखराकडे, पुढच्या डोंगराआडून मागच्या रांगांकडे आणि जवळच्या डोंगरावरून समोर दूरवर. चित्रात या तिन्ही वाटा एकत्र नांदतात. मधली जागा धुक्यासाठी कोरी सोडलेली. पाऊलवाट कड्यामागे दिसेनाशी होते आणि पुढे एखाद्या पुलावर निघते. मधलं अंतर आपण मनाने चालून जातो.

सोळाव्या शतकात सूजोच्या वेन झेंगमिंगने तिथल्या एका प्रसिद्ध बागेची ३१ दृश्यं रंगवली. त्या शहरात चित्र आणि बाग एकमेकांच्या हाताखालीच वाढली, असं मला वाटतं. त्याच सूजोचे ५२ कारागीर १९८५ मध्ये ही बाग बांधायला व्हँकुव्हरला आले. ताई हू सरोवराचे भोकाभोकांचे दगड, कौलं, कोरीव लाकूड, सगळं चीनहून आलं. एप्रिल १९८६ मध्ये बाग खुली झाली.

इथली पडवी मुद्दाम वाकडीतिकडी आहे. प्रत्येक वळणावर मागचं झाकलं जातं आणि पुढचं थोडंच दिसतं. जाळीच्या खिडकीतून पलीकडच्या चौकातला बांबू तुकड्यातुकड्यांनी दिसतो. नीट पाहायचा तर वळसा घालूनच जावं लागतं. पांढऱ्या भिंतीपुढे एक दगड, एक झाड. भिंत तिथे कोऱ्या कागदाचं काम करते. सबंध बाग एका नजरेत मावेल अशी जागा मला कुठेच सापडत नाही, आणि रचनेचं खरं बळ तेच आहे.

ही बाग जिथे आहे, त्या कॅरल स्ट्रीटवरूनच १९६७ मध्ये फ्रीवे नेण्याचा बेत होता. चायनाटाउनच्या वस्तीने त्याआधीही बरंच सोसलं होतं. कॅनडात चिनी मजुरांनी रेल्वेमार्ग बांधला, तो होत आला तशी १८८५ मध्ये सरकारने चिनी माणसाच्या प्रवेशावर डोईपट्टी बसवली. १९२३ ते १९४७ तर दार जवळजवळ बंदच होतं. एवढं सोसून टिकलेली वस्ती फ्रीवेविरुद्ध उभी राहिली आणि बेत बारगळला. दोन व्हायाडक्ट मात्र झाले. त्यांच्यापायी जवळची होगन्स ॲली ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठली. भारतातून आलेल्या पाहुण्यांना बाग दाखवून झाली की मी त्या व्हायाडक्टपर्यंतही चालत नेते.