धाप, शिटी आणि हजेरीपट

शाळेच्या हजेरीपटात गैरहजेरीचे कारण लिहिण्याची सोय नसते. कर्जत-खालापूरकडच्या खेड्यांतून मास्तरकी करताना मी ते समासात पेन्सिलीने टिपून ठेवीत आलो आहे: ताप, लग्न, नदीला पाणी. एका मुलाच्या नावापुढे मात्र दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे, खळ्यावर भाताची झोडणी सुरू झाली की, एकच टिपण पडे: ‘छाती भरली’. पौषात तोच पोरगा खोखोत सर्वांच्या पुढे पळे. तीन वर्षांचे पट एकदम चाळले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर मी त्याला दोनदा कामचुकार म्हणून बाकावर उभे केले होते.

त्याच्या आईपाशी दम्याचा विषय काढला, तर ती दचकलीच. “गुरुजी, दमा म्हाताऱ्यांना होतो. याला नुसती धाप लागते. आणि हे कुठे बोलू नका, हिचं लगीन व्हायचंय,” असे म्हणून तिने थोरल्या मुलीकडे पाहिले. किती मुलांना असले आजार असतात आणि ते मोजले कोणी, हे मी वाचू लागलो ते या बोलण्यामुळे.

रोग काही नवा नव्हे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास ढगाळ हवेने, पावसाने, गार वाऱ्याने बळावतो. रोग्याला आडवे पडवत नाही, बसल्यावर बरे वाटते. श्रावणात रात्रभर भिंतीला टेकून बसलेले मूल ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावावे, हेही आपल्याकडे घरोघर ठाऊक. बिब्ब्यासाठी तर भाषेत खास क्रियापद आहे: तो एखाद्याला ‘उततो’, शेजारच्याला उतत नाही. एकच वस्तू एकाला सोसते आणि दुसऱ्याच्या अंगावर उलटते, ही मूळ खूण आपल्या लोकांनी बरोबर हेरली होती. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिसादाला १९०६ साली ‘ॲलर्जी’ हे नाव दिले, एवढेच.

इंग्लंडात १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टराने उन्हाळ्यातल्या शिंकांचे आणि डोळ्यांच्या खाजेचे वर्णन केले, ते स्वतःच्याच दुखण्याचे. १८२८ पर्यंत शोधूनही त्याला असे अवघे २८ रोगी सापडले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःवरच प्रयोग करून परागकणांचा दोष दाखवून दिला. १८७३ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक कोडेही नोंदविले: गवतात जन्म काढणाऱ्या शेतकऱ्याला हा रोग क्वचितच होतो. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरात भावंडे अधिक तितका हा रोग कमी असे दिसले. लहानपणीच्या संसर्गाने शरीर शहाणे होत असावे, असा त्यांचा तर्क. येथे आम्हा खेडवळांना मोह होतो, की मातीत लोळलेली आमची पोरे सुटली!

त्या मोहाला आकड्यांचाही आधार मिळाला. ‘आयझॅक’ या जागतिक पाहणीने ५६ देशांतल्या १५५ केंद्रांवर तेरा-चौदा वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांना एकच प्रश्नावली दिली. १९९८ साली निष्कर्ष छापले गेले. आपल्याकडची मुंबई आणि अकोलाही त्यात होती. दम्याच्या लक्षणांत ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व आयर्लंड वर, तर भारत तळाच्या देशांत.

पण विचारले काय होते? गेल्या बारा महिन्यांत छातीत शिटीसारखा आवाज झाला का, हे. इंग्रजीत त्या आवाजाला ‘व्हीझ’ हा नेमका शब्द आहे. मराठीत काय म्हणावे? घरघर कफाचीही असते. धाप तर माथेरानचा डोंगर चढल्यावर कोणालाही लागते. पाहणी करणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती. म्हणून रोग्यांची चित्रफीत दाखवून ‘तुझा श्वास असा कधी झाला होता का’ असे विचारण्याची सोयही त्यांनी ठेवली. तरीसुद्धा आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. जे शब्दाच्या जाळ्यात सापडत नाही, ते मोजणीत येत नाही, इतकेच मला, शब्दांवर पोट भरणाऱ्याला, जाणवते.

शिवाय आमचा मुलूख निव्वळ मातीचा उरला आहे कोठे? खोपोली-रसायनीचे कारखाने आहेत, २००२ पासून पुरा झालेला द्रुतगती मार्ग आहे, वीटभट्ट्या आहेत, उन्हाळ्यात राब भाजल्याचा धूर आहे. धूर हे ॲलर्जीचे मूळ नव्हे; पण हळव्या श्वासनलिकेला तेवढा पुरतो. आणि ओल! घरातल्या धुळीतला डोळ्यांना न दिसणारा किडा दम्याला कारण होतो, हे हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ पासून दाखवून दिले. ओलसर घरांत तो फार माजतो. आमच्याकडे चार महिने भिंतीला हात लावला, तरी हात ओला होतो.

त्या मुलाला डॉक्टरांनी पंप दिला आहे. तो दप्तराच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला असतो. परवा वर्गात मी दम्याचे नाव न काढता नुसता तसा श्वास काढून दाखविला आणि विचारले, असे कोणाला होते? आधी पोरे हसली. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला, मग आणखी एक. एका मुलीने हात उचलला, शेजारणीकडे पाहिले, आणि त्याच हाताने वेणी सारखी केली.