बंदिवान स्त्री आणि तिचें घर

गुन्ह्याची शिक्षा एकट्या गुन्हेगारास द्यावयाची, असें कायद्याचें धोरण असतें. पण ती एकट्यालाच भोगावी लागली असें क्वचितच घडतें. पुरुष तुरुंगांत गेला म्हणजे घरची चूल थंडावते, हें सर्वांस ठाऊक आहे. तरीहि तो सुटून येतो तेव्हां त्याची वाट पाहणारें कोणी तरी बहुधा असतें. स्त्रीच्या बाबतींत मात्र ती सुटली तर तिला न्यावयास कोण येणार, हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. गेल्या दीडशें वर्षांचा आमच्याकडील इतिहास पाहिला, तर बंदिवान स्त्रीच्या सुटकेची किल्ली सरकाराइतकीच तिच्या घराच्या हातीं राहिली आहे, असें आम्हांस दिसतें.

जोतीराव फुले यांनीं 4 डिसेंबर 1884 रोजीं लिहिलेल्या एका टिपणांत काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. ही बाई पुण्यास त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरीं कामास होती. एका शास्त्र्यानें तिला भुलविलें. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, तेव्हां लोकलज्जेस्तव तिनें झालेलें मूल मारलें व विहिरींत टाकलें. सेशन कोर्टानें तिला जन्माचें काळें पाणी दिलें. शास्त्र्याचें नांव कोर्टाच्या निकालांत येण्याचें कारणच नव्हतें. कायद्यापुढें खून होता, आणि तो तिनेंच केला होता. या प्रसंगानें व्यथित होऊन जोतीराव व सावित्रीबाई यांनीं 1863 सालीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. 1884 पर्यंत तेथें 35 विधवा बाळंत झाल्या. मुलें मात्र पांचच जगलीं. आधीं घेतलेल्या विषारी औषधांनीं बाकीचीं गेलीं, असें जोतीराव लिहितात. मुलें वांचलीं थोडीं, हें खरें. पण या 35 स्त्रियांस काशीबाईच्या वाटेनें जावें लागलें नाहीं. पुढें 1875 सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यांतील अधिकाऱ्याच्या पुढाकारानें असेंच गृह निघालें. ज्यांस न्यायासनावर बसून शिक्षा सांगावयाची, त्यांपैकींच एकास शिक्षेच्या आधींची सोय करावीशी वाटली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सुरतेस 1881 सालीं विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेचा असाच खटला झाला. प्रथम फांशी, अपिलांत जन्माचें काळें पाणी, आणि शेवटीं पांच वर्षें, अशी तिची शिक्षा उतरत गेली. वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या अनीतीवर मात्र लेखांचा पाऊस पडला. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 1882 सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलें. जो दोष दोघांचा, त्याचें पाप एकटीच्या माथीं कां, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. सरकारनें विजयालक्ष्मीची शिक्षा कमी केली. समाजानें आपली शिक्षा कमी केल्याचें दिसत नाहीं.

ज्यांना खरोखरच समुद्रापार जावें लागलें, त्यांचें तेथें काय होई? पोर्ट ब्लेअरची कैदी वसाहत 1858 च्या मार्च महिन्यांत सुरू झाली. वसाहत नांदावयाची तर संसार पाहिजेत व संसाराला स्त्रिया पाहिजेत, असा सरकारी हिशेब होता. तेथें पाठविलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळशा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या होत्या. त्यांच्याकरितां निराळा तुरुंग होता. त्यांत कांहीं वर्षें चांगल्या वर्तनानें काढल्यावर, बाहेर राहण्याचा परवाना मिळालेल्या एखाद्या कैद्याशीं लग्न करून स्त्रीला वसाहतींत घर मांडतां येई. पुरुषाला बाहेर पडण्यास मेहनत व वर्तन पुरे होई. स्त्रीला मुख्यतः नवरा लागे. 1856 च्या कायद्यानें हिंदु विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली होती, पण आपल्या ओसरीवर ती फारच थोड्यांनीं चालूं दिली. तीच मुभा काळ्या पाण्यावर सरकारच्या सोयीसाठीं खुशाल मिळे! या लग्नांतून नाना प्रांतांच्या व जातींच्या आईबापांची जी प्रजा झाली, तिला तेथें ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. इकडे ज्यांना माहेर राहिलें नाहीं, त्यांनीं तिकडे नवें कुळ उभें केलें.

तुरुंग आणि घर यांची सांगड कैद्याच्या हिताकरितां घालण्याचा एक प्रयोग आमच्या प्रांतीं झाला आहे. औंध संस्थानानें 1939 सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापिली आणि कैद्यांना तेथें कुटुंबासह राहून शेती करण्यास मोकळीक दिली. बायकोमुलें जवळ असलेला माणूस पळून जात नाहीं, हा त्या प्रयोगाचा पाया होता. परंतु हें घर पुरुषाचें होतें. स्त्री तेथें कैद्याची बायको म्हणून आली.

स्वातंत्र्यानंतर 1955 च्या दुरुस्तीनें दंडसंहितेंतून काळें पाणी गेलें व त्याच्या जागीं जन्मठेप आली. मुंबई राज्याच्या 1959 च्या नियमांनीं कैद्यास संचित रजा व अभिवचन रजा, म्हणजे फर्लो व पॅरोल, यांची व्यवस्था करून दिली. मनुष्याचा घराशीं असलेला धागा तुटूं नये, हा या रजांचा हेतु. पण त्याच नियमांत, कैद्याला ठेवून घेण्यास व जामीन राहण्यास तयार असा नातेवाईक असल्याखेरीज संचित रजा मिळूं नये, अशी अट घातली गेली. अट वाजवी दिसते. परंतु जिच्या शिक्षेचें कारणच घरांत घडलेलें आहे, जिच्या सासरनें व माहेरनें नांव टाकलें आहे, तिनें हा नातेवाईक आणावा कोठून? ज्याला घर आहे त्यालाच घरीं जाण्याची रजा, असा त्याचा परिणाम होतो.

मुलांच्या बाबतींतहि हेंच. सर्वोच्च न्यायालयानें 13 एप्रिल 2006 रोजीं दिलेल्या निकालानें, बंदिवान आईचें मूल सहा वर्षांचें होईपर्यंत तिच्याजवळ राहूं शकतें. आणि तुरुंगांत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाची नोंद होऊं नये, असेंहि ठरलें. हा निकाल दयाळु आहे. पण सहा वर्षांनंतर मूल आईच्या इच्छेप्रमाणें योग्य अशा माणसाच्या हवालीं करावयाचें, नाहीं तर संस्थेंत ठेवावयाचें. येथेंहि पुन्हां दार उघडणारा कोणी तरी लागतोच.

न्यायालयें शिक्षा उतरवितात, सरकार नियम सैल करतें. उंबरठा ओलांडूं देणें मात्र कोणत्याहि कलमानें होत नाहीं. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांनीं तुरुंगांतल्या बहिणीला, सुनेला पत्र पाठविलें, तिच्या मुलाला महिन्याकांठीं भेटीस नेलें, रजेच्या वेळीं जामीन म्हणून सही केली, आणि जिला कोणीच नाहीं तिला सुटल्यावर काम व खोली दिली, तर यांत कायद्याविरुद्ध कांहींच नाहीं. फुले दांपत्याजवळ 1863 सालीं सरकारी हुकूम नव्हता. राहतें घर होतें, आणि तें त्यांनीं उघडें ठेवलें.