परसबागेतील तणनियंत्रण

घराच्या मागे, पुढे किंवा गच्चीवर लावलेल्या भाजीपाला, फुलझाडे व फळझाडांमध्ये आपोआप उगवणाऱ्या, लागवडीला नको असलेल्या वनस्पती काढणे आणि त्या पुन्हा माजू न देणे. शेतातल्या याच कामाला पश्चिम महाराष्ट्रात भांगलण किंवा खुरपणी, विदर्भात निंदण आणि कोकणात बेणणी म्हणतात. परसबाग लहान असल्याने मुख्य अवजार खुरपेच राहते. कोळपे चालवण्याइतकी सरळ ओळ तिथे क्वचितच सापडते.

तण पाणी, अन्नद्रव्ये आणि ऊन यांत वाटा मागते. मावा, पांढरी माशी यांसारख्या किडी पीक नसतानाही त्यावर तग धरतात. सर्वाधिक नुकसान रोपे लहान असताना होते. पेरणीनंतरचा पहिला महिना-सव्वा महिना वाफा स्वच्छ ठेवला, तर पुढे भेंडी-वांगी स्वतःच्या सावलीने बरेचसे काम करतात. म्हणून पहिली खुरपणी पंधरा-वीस दिवसांनी आणि दुसरी त्यानंतर तितक्याच अंतराने करतात. कोथिंबीर, कांदा, गाजर यांची मात्र दाट सावली पडत नाही, त्यामुळे त्यांच्यात शेवटपर्यंत हात घालावा लागतो.

नियंत्रणाच्या दृष्टीने तणांचे दोन वर्ग महत्त्वाचे आहेत: बियांपासून वाढणारी हंगामी तणे आणि जमिनीखालच्या गाठी, काशा किंवा धावत्या खोडांतून फुटणारी बहुवर्षायू तणे. पहिल्या वर्गात तांदुळजा, काटेमाठ, घोळ, केना, टाकळा, कुर्डू, दुधी, ओसाडी, गाजर गवत इत्यादी येतात. ती फुलावर येण्याआधी उपटली की त्या पिढीचा प्रश्न सुटतो. बी पडल्यावर उपटली तर श्रम बरेचसे वाया जातात. मातीत पडलेले बी एकाच पावसात उगवून संपत नाही. अमेरिकेतील मिशिगन येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काही २०२१ मध्येही उगवल्या. सगळी तणे इतकी दीर्घायुषी नसतात, पण एका वर्षाच्या आळसाचे बी पुढची अनेक वर्षे निघत राहते.

केना या वर्गात असूनही फसवा आहे. त्याची निळी फुले सर्वांना दिसतात, पण जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते. शिवाय खोडाचा पेरासकट राहिलेला तुकडा ओल्या मातीत मुळे धरतो. घोळीचे खोड मांसल असल्याने उपटून वाफ्यातच टाकलेले झाड कित्येक दिवस जगते, बी पिकवते, प्रसंगी पुन्हा रुजते. ही दोन तणे उपटली की घमेल्यात घालून बाहेर न्यावीत.

गाजर गवत किंवा काँग्रेस गवत मूळचे अमेरिका खंडातील. भारतात ते पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास आढळल्याची नोंद आहे आणि आज देशातील बहुतेक भागांत ते पसरले आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीला खाज सुटते आणि पुरळ उठते, परागकणांनी दम्याचा त्रास वाढू शकतो. त्यामुळे ते हातमोजे घालून, पावसानंतर माती मऊ असताना, पाने जमिनीलगत पसरलेल्या अवस्थेतच मुळासकट काढावे. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे भारतात १९८४ पासून सोडले गेले. मोकळ्या माळावर त्यांचा उपयोग होतो, चार वाफ्यांच्या बागेसाठी त्यांची वाट पाहणे व्यर्थ. कुंपणाबाहेरच्या पडीक पट्ट्यात टाकळ्याचे (तरोट्याचे) बी पावसाळ्याच्या तोंडावर टाकले तर तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो.

दुसऱ्या वर्गातील सर्वांत चिवट तण म्हणजे लव्हाळा. जगातील सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत तणतज्ज्ञ त्याला अग्रस्थान देतात. तुकाराम महाराजांच्या अभंगामुळे लव्हाळा मराठी माणसाला नम्रतेसाठी ठाऊक आहे. ज्याने वाफा खणला आहे त्याचे मत वेगळे असते. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. वरची पात उपटली की दुसरा डोळा फुटतो; माळ तुटली की आतापर्यंत सुप्त असलेल्या गाठी जाग्या होतात. यामुळे अधूनमधून केलेली खुरपणी लव्हाळ्याला उलट मानवते. कोंब आल्यावर काही आठवड्यांतच नव्या गाठी धरू लागतात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी न चुकता पात काढत राहिल्यास गाठीतला साठा हळूहळू संपतो. एप्रिल-मेमध्ये वाफा वीतभर खणून गाठी वर आणणे व कडक उन्हात वाळू देणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. मात्र त्या काळात वाफ्याला पाणी देऊ नये. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. पसरणारा रताळ्याचा किंवा भोपळ्याचा वेल एक हंगाम घेतला की लव्हाळा लक्षणीय कमी होतो. प्लास्टिकच्या पातळ कागदातून मात्र त्याचा टोकदार कोंब आरपार निघतो. याच्याच एका प्रकारच्या सुगंधी गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतात.

हरळी जमिनीवर आणि जमिनीखाली, दोन्हीकडे धावते. कुदळीने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेर वेगळे झाड होते, त्यामुळे माती दाताळ्याने सैल करून काड्या ओढून काढणे बरे. हिरवळीच्या कडेने वीतभर खोल पत्रा किंवा फरशी उभी गाडली तर तिची वाफ्यातली घुसखोरी थांबते. मराठवाडा-विदर्भाच्या भारी काळ्या जमिनीतला कुंदा याहून खोल जातो. तिथे घर बांधताना बागेची जागा उन्हाळ्यात एकदा खोल खणून घेणे पुढचा बराच त्रास वाचवते.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत आणि तेच सर्वाधिक टाळले जातात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणांचे बी येते, कारण गुरांच्या पोटातूनही काही बिया जिवंत बाहेर पडतात. रोपवाटिकेच्या पिशव्यांतून लव्हाळा आणि आंबुटी येतात. नवी रोपे लावण्यापूर्वी वरचा मातीचा थर पाहून घ्यावा. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यावे, ते वरवर खुरपून टाकावे आणि मगच पेरणी करावी. ऐन उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा दाबून ताणले तर वरच्या थरातील बरेचसे बी उष्णतेने मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर याचा भरवसा नाही. ठिबकने झाडाच्या बुंध्यापुरतेच पाणी दिल्यास मधली जमीन कोरडी राहते आणि तिथे तण कमी उगवते.

आच्छादन दोन-तीन इंच जाडीचे असावे. देशावर उसाचे पाचट, कोकणात भाताचा पेंढा, झावळ्या व नारळाची सोडणे, शहरात झाडलेला पालापाचोळा चालतो. ते खोडाला चिकटू देऊ नये. पावसाळ्यात त्याखाली गोगलगाई लपतात आणि कोरड्या महिन्यांत वाळवी लागते, म्हणून अधूनमधून ते उलटून पाहावे लागते. आच्छादनाचे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत.

काढलेल्या तणाचा उपयोग असतोच. कोवळा टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा यांच्या भाज्या होतात, तर श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते. अशा झाडांसाठी कुंपणालगत एक कोपरा राखावा आणि त्यांचे बी तिथेही पिकू देऊ नये. कंपोस्टच्या ढिगात बी मरण्यासाठी लागणारी ५५-६० अंश सेल्सिअस उष्णता घरगुती ढिगात सहसा येत नाही. बी आलेले तण व लव्हाळ्याच्या गाठी त्यात टाकू नयेत. उतारावरच्या कोकणी परसात तर जून-जुलैमध्ये वाफ्यांमधली जागा पूर्ण उघडी करूच नये, माती वाहून जाते. तिथले तण मुळे राखून विळ्याने कापावे.

कुंपणाच्या मेंदीवर किंवा डुरांटावर चढणारी पिवळी अमरवेल खुरप्याने जात नाही. ती ज्या फांदीला वेढते तिच्यासकट छाटावी लागते, कारण राहिलेला तुकडा पुन्हा वाढतो.

तणनाशके परसबागेत बसत नाहीत. एकाच वाफ्यात मेथी, टोमॅटो, मका आणि झेंडू असताना नेमके तणच मारणारे औषध सापडत नाही. रुंद पानांच्या तणांवरचे २,४-डी वाऱ्याने उडून आले तरी टोमॅटोची पाने आकसतात. ग्लायफोसेटची फवारणी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. मिठाचे पाणी ओतण्याचा घरगुती सल्ला वाफ्यात पाळू नये, त्याने मातीच खराब होते. व्हिनेगरने पाने करपतात, मुळे शाबूत राहतात. फरशीच्या सांध्यांतल्या तणावर उकळते पाणी पुरते.